वाचक विचारतात : जमिनीतून उचललेले परत कुठे जाते?

गेल्या अंकात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ही द्रव्ये माती, पीक, जनावर आणि पुन्हा माती अशी कशी फिरत राहतात, याविषयी या स्तंभात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे : हे फिरणे आपल्याकडे नेमके कुठे तुटते? निवडक पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह पुढे दिली आहेत.

प्रश्न : आपल्या इंदुरात ओला कचरा घरोघरी वेगळा घेतला जातो आणि त्यापासून गॅस व खत तयार होते. मग अन्नाबरोबर शहरात आलेली पोषकद्रव्ये पुन्हा शेतात गेली आणि चक्र पूर्ण झाले, असे म्हणता येणार नाही का?
— एक निवृत्त वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : थोड्या प्रमाणात म्हणता येईल, आणि जेवढे झाले आहे त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. देवगुराडिया येथील प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. तेथे बंद टाक्यांमध्ये जिवाणू कचऱ्यातील कर्बाचे (कार्बनचे) मिथेन वायूत रूपांतर करतात. नत्र आणि स्फुरद मात्र या वायूबरोबर जात नाहीत, ते मागे राहिलेल्या रबडीत उरतात आणि तिचेच खत होते. तत्त्व म्हणून ही योजना उत्तम आहे.

तथापि ओला कचरा म्हणजे आपण जे खाल्ले नाही ते. जे खाल्ले, त्याचा हिशेब या प्रकल्पात येतच नाही. साधा अंदाज मांडून पाहू. माणसाच्या रोजच्या आहारात ५५ ते ६० ग्रॅम प्रथिने धरली, तर प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असल्यामुळे माणशी रोज ९ ग्रॅम नत्र पोटात जातो, आणि वाढ पूर्ण झालेल्या शरीरात तो साठून राहत नसल्याने जवळजवळ तेवढाच, मुख्यतः लघवीवाटे, बाहेर पडतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. आजची संख्या त्याहून बरीच अधिक असणार. पण तीच धरली तरी दिवसाला १८ टन नत्र होतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे ही ४५ किलोची साडेआठशेहून अधिक पोती झाली, आणि तीही रोज. उलट ५५० टन ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांश तर पाणीच असते. उरलेल्या कोरड्या भागात दोन टक्के नत्र मानला, तरी आकडा तीन टनांच्या आत राहतो. शहरात आलेल्या नत्राचा लहान वाटा कचऱ्याच्या गाडीत पडतो आणि मोठा वाटा मोरीतून निघून जातो, असा याचा अर्थ आहे.

मोरीतून गेलेल्या पाण्यातील जे कबीटखेडीसारख्या शुद्धीकरण केंद्रांत पोहोचते, त्यातील नत्राचा बराच भाग तेथील जिवाणू पुन्हा हवेतील वायूच्या रूपात सोडून देतात. नदीच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. परंतु आधी खतकारखान्यात नैसर्गिक वायू खर्चून हवेतील नत्र बांधायचा, तो शेतात टाकायचा, धान्यातून शहरात आणायचा आणि अखेर वीज खर्चून तोच नत्र हवेत परत पाठवायचा, हा द्राविडी प्राणायाम आपण विकासाच्या नावाखाली निमूटपणे स्वीकारला आहे. स्फुरदाच्या बाबतीत तर तेवढीही वाट मोकळी नाही. त्याला व्यवहारात वायुरूप नसल्यामुळे तो एकतर शुद्धीकरणाच्या गाळात बसतो, नाहीतर पाण्याबरोबर पुढे जातो.

हे पुढे म्हणजे कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. इंदूरचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, विंध्याचा कडा चढवून, नर्मदेतून आणले जाते. नर्मदा पश्चिमवाहिनी आहे आणि अरबी समुद्राला मिळते. शहराने वापरलेले पाणी मात्र कान्ह नदीतून उत्तरेकडे वाहते, उज्जैनच्या अलीकडे शिप्रेला मिळते आणि चंबळ, यमुना व गंगा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. पाणी एका खोऱ्यातले, धान्य दुसऱ्या शिवारातले, आणि दोन्हींचा शेवट तिसरीकडे. शिप्रेला याचा जो त्रास होतो तो इतका उघड आहे, की २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी स्नानाच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडण्यासाठी जमिनीखालून नळ टाकावा लागला. घाट त्यामुळे वाचले. पोषकद्रव्यांचा भार काही मैल खाली सरकला एवढेच.

प्रश्न : देपालपूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू ही जोडी वर्षानुवर्षे चालू आहे. सोयाबीन हवेतला नत्र जमिनीत आणते असे ऐकत आलो आहे; तरी गव्हाला युरिया दरवर्षी वाढवावा लागतो आणि डीएपीचा (डायअमोनियम फॉस्फेट या खताचा) पूर्वीसारखा गुण येत नाही. असे का व्हावे?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : सोयाबीनविषयीची ही समजूत अर्धी खरी आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधतात, यात शंका नाही. आपण स्वतः खात्री करून घ्यावी : पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादे रोप ओढून न काढता, खुरपीने भोवतालची माती सैल करून, मुळांसकट उचलावे, मुळे बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि एक-दोन गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतील गर गुलाबी किंवा तांबूस दिसला तर गाठ काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातील लोहयुक्त द्रव्याच्याच जातकुळीतील एका द्रव्यामुळे येतो. गर पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती शोभेची आहे. पेरताना युरियाचा हात सैल सोडला तर रोपाला आयता नत्र मिळतो आणि गाठी कमी धरतात, हेही अशा पाहणीत लगेच लक्षात येते.

आता दुसरी बाजू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे एका क्विंटलमागे साधारण ६.४ किलो नत्र घरी येतो. हेक्टरी १० क्विंटल उतारा धरला तर ६४ किलो. पिकाला लागणाऱ्या एकूण नत्रापैकी निम्मा, फार तर निम्म्याहून थोडा अधिक, गाठींतून मिळतो. बाकीचा ते मातीतूनच घेते. गळालेली पाने आणि मुळे शेतात राहतात हे खरे, पण मळणीनंतरचा भुसा खळ्यावरूनच दुसरीकडे गेला किंवा पेटवला गेला, तर जमा आणि खर्च कशीबशी जुळतात, आणि पुष्कळदा खर्चच वरचढ ठरतो. गव्हासाठी मागे मोठी शिल्लक राहील ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरते.

नत्राचे निदान हवेतून थोडेफार भरून येते. स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त यांना तशी वाट नाही. ती मातीतूनच जातात. येथे एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सोयाबीन तेलघाण्यात गेले की तेल वेगळे होते आणि पेंड वेगळी. शुद्ध तेल म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू. ते हवा आणि पाणी यांपासून बनलेले असते, मातीतले त्यात जवळजवळ काही नसते. मातीतून आलेले सारे पेंडीत उतरते. पूर्वी तेलबियांची पेंड गावच्याच गोठ्यात खपत असे आणि शेणाबरोबर शेतात परतत असे. माळव्यातील सोयाबीनची पेंड आता कोंबड्यांच्या खाद्यात, कितीतरी वेळा जहाजात बसून परदेशी, जाते. डब्यातल्या तेलाबरोबर आपल्या जमिनीचे काही गेले नाही. जे गेले ते पेंडीबरोबर गेले.

त्यात पीकपद्धतीचाही भाग आहे. १९७० च्या दशकात सोयाबीन येण्यापूर्वी माळव्यातील काळ्या जमिनीचे मोठे क्षेत्र पावसाळ्यात मोकळे ठेवून, मुरलेल्या ओलीवर गहू किंवा हरभरा घेण्याची चाल होती. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा प्रश्न नाही. मात्र एकाच जमिनीतून वर्षाला दोन पिके निघू लागली, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, उकिरडे आटले, आणि जे बाहेर जाते त्याच्या तुलनेत जे परत येते ते फारच थोडे उरले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

डीएपीचा गुण कमी होण्याची कारणे दोन. आपली काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते. अशा मातीत पाण्यात विरघळलेला स्फुरद थोड्याच दिवसांत चुन्याशी बांधला जातो आणि पहिल्या पिकाला दिलेल्या मात्रेचा लहानसा भागच मिळतो. उरलेला नाहीसा होत नाही, साठून राहतो. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन बियाण्याला चोळले आणि मातीत सेंद्रिय कर्ब पुरेसा असला तर त्यातील काही मोकळा होतो. दुसरे कारण अधिक साधे आहे : कमतरता बहुधा स्फुरदाची नसतेच. डीएपीत नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के असतो, पण गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात स्फुरद १६ टक्केच, परंतु गंधक ११ टक्क्यांच्या आसपास असते. हाताळायला सोपे म्हणून शेतकरी सुपर सोडून डीएपीकडे वळला आणि गंधकाचा पुरवठा नकळत बंद झाला; तेलबियांना तर गंधक हेक्टरी २० किलो देण्याची शिफारस असते. जे द्रव्य सर्वांत तोकडे, त्यावर उतारा अडतो. मग दुसऱ्या द्रव्याची दोन पोती जास्त टाकली तरी पालथ्या घड्यावर पाणी.

हा स्फुरद येतो कुठून, हेही जाता जाता सांगतो. आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात मेघनगरजवळ स्फुरदयुक्त खडक सापडतो. तरी देशाची गरज मुख्यतः आयातीवर भागते, आणि जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को व पश्चिम सहारा या एकाच टापूत आहे. खडक व्हायला कोट्यवधी वर्षे लागलेले हे द्रव्य आपण एका हंगामात शेतात टाकून दुसऱ्या हंगामात गमावून बसतो.

युरिया वाढवावा लागण्यामागे किंमतीचाही हात आहे. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचे अनुदान घटकांवर आधारित केले गेले, युरिया मात्र त्यातून वगळला. त्यामुळे त्याचे ४५ किलोचे पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि बाकीची खते त्याच्या कितीतरी पट महाग आहेत. साहजिकच हात युरियाकडे जातो. ओल्या अल्कधर्मी जमिनीवर युरिया फोकून दिला आणि वर ऊन पडले, तर त्यातील बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. पाणी जास्त झाले तर नायट्रेट होऊन खाली झिरपतो. जमीन पाण्याने कोंदली तर जिवाणू त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड या वायूत बदलतात, जो तापमानवाढीच्या दृष्टीने वजनागणिक कर्बवायूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सुमारे २७० पट जड पडतो. एवढ्या गळतीनंतर दिलेल्या नत्राचा एक तृतीयांश ते निम्मा भाग गव्हाच्या अंगी लागतो. पाळ्या वाढवून प्रत्येक पाळी लहान ठेवणे आणि पाणी देण्याच्या बेताने युरिया टाकणे, एवढ्यानेही फरक पडतो.

शेवटी नरवाईविषयी, कारण आपण पत्रात तिचा उल्लेख टाळला आहे. गहू कापल्यावर उभे राहिलेले खुंट पेटवले, की काडातील जवळपास सगळा नत्र आणि अर्ध्याच्या आसपास गंधक धुरावाटे जाते. बंदी आहे म्हणून नव्हे, तर पैसे देऊन घेतलेले खत आहे म्हणून ती जाळू नये. माती परीक्षणाच्या पत्रकात सेंद्रिय कर्ब, गंधक आणि जस्त हे तीन रकाने आधी पाहावेत, नत्राचा नंतर.

प्रश्न : शेतात खत पडले की पीक वाढते आणि ते चांगले समजले जाते. मग तेच द्रव्य तलावात गेल्यावर शेवाळ आणि जलपर्णी वाढली, तर तिला ऱ्हास का म्हणायचे? हिरवाईच वाढली ना?
— एक विद्यार्थिनी, टिळकनगर

उत्तर : प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारायला पाठ्यपुस्तकातील व्याख्या बाजूला ठेवावी लागते. शेतात वाढलेले आपण कापून नेतो. तलावात वाढलेले तेथेच मरते आणि तेथेच कुजते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च करते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्रभर इतर सजीवांप्रमाणे घेतही असते. म्हणून हिरव्यागार तलावात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास काठावर उभे राहिल्यास मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. दुपारी याच तलावातले पाणी तपासले तर प्राणवायू भरपूर आढळतो, आणि 'पाणी उत्तम' असा अहवाल देणारा खोटे बोलत नसतो.

थोडेसे द्रव्य एवढा उत्पात का करते, याचे उत्तर प्रमाणात आहे. एक ग्रॅम स्फुरदावर साधारण शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ पोसले जाते. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदच तोकडा असतो, हे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७३ मध्ये एका तलावावर दाखवून दिले. तलावाच्या मधल्या अरुंद भागात त्यांनी पडदा लावला; एका भागात कर्ब आणि नत्र घातले, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. काही आठवड्यांत दुसरा भाग शेवाळाने हिरवा झाला आणि पहिला नितळ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र पाहिल्यावर साबणातील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याविषयीचा वाद बराच निवळला.

आपल्याकडील सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जलाशयांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दर्जा मिळाल्याने काठावरच्या वस्तीचे सांडपाणी थांबत नाही. शिवाय बाहेरून येणारे पाणी उद्या पूर्णपणे थांबवले, तरी तलाव लगेच निवळत नाही. तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला स्फुरद लोहाशी बांधलेला असतो आणि तळाशी प्राणवायू संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो.

जलपर्णी काढणे हा उपाय त्यामुळे अगदीच निरर्थक नाही, कारण तिच्याबरोबर पोषकद्रव्येही बाहेर येतात. मात्र पोकलेनने काढलेले ढीग काठावरच सोडून दिले, तर पहिल्या दोन पावसांत त्यांचा काळा रस जिथून निघाला तिथेच परत जातो. असे ढीग मी पाहिले आहेत, आणि शेजारी मोहिमेच्या यशाचा फलकही.

प्रश्न : आमच्या वसाहतीत बोअरवेलचे पाणी पितात. त्यात नायट्रेट असल्याचे कळले. उकळून प्यायल्यास चालेल का?
— एक गृहिणी, सुदामानगर

उत्तर : नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण उलट वाढते. तुरटी, क्लोरीन आणि साधा गाळणी-फिल्टर यांचाही त्यावर परिणाम होत नाही. आरओ यंत्राने ते कमी होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांखालील बाळाचे वरचे दूध त्या पाण्यात मुळीच करू नये, कारण त्या वयात नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते, म्हणून जिभेवर भरवसा ठेवता येत नाही. वसाहतीत शोषखड्डे बोअरच्या जवळ असतील तर शंका आधी त्यांचीच घ्यावी, शेतांची नंतर.

प्रश्न : माझे आजोबा 'इंदूर पद्धतीचे खत' असा उल्लेख नेहमी करीत. खताला आपल्या शहराचे नाव कसे लागले, आणि घरच्या बागेत ते करता येईल का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ मध्ये बिहारातील पुसा येथून इंदूरला आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती-उद्योग संस्था उभी केली, आजचे कृषी महाविद्यालय तेथेच आहे. १९३१ मध्ये ते येथून गेले. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जगभर नाव झाले ते हॉवर्ड यांचे. वाडांचे नाव खुद्द इंदूरच्या मराठी मंडळींनाही सहसा ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

पद्धतीतील खरे मर्म शेणात नसून गोठ्याच्या जमिनीत आहे. जनावर जे नत्र आणि पालाश बाहेर टाकते त्याचा मोठा भाग मूत्रात असतो, आणि आपल्या गोठ्यांत तो वाहून जातो. हॉवर्ड आणि वाड यांनी गोठ्यात मातीची जमीन ठेवली, मूत्राने मुरलेली ती माती वेळोवेळी खणून खताच्या खड्ड्यात घातली आणि गोठ्यात नवी माती भरली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या ते शेतातल्या वाटेवर पसरून ठेवत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या भरडल्या जात; मग त्या जनावरांखाली अंथरून पुढे खड्ड्यात जात. काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि थोडी राख असे थर लागत, ओल राखली जाई, तीन वेळा पालटणी होई आणि तीन महिन्यांत खत तयार होई.

घरच्या बागेत गोठा नसला तरी कृती तीच ठेवता येते. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या तिप्पट वाळका पाला घ्यावा, दर थरावर मूठभर बागेतली माती आणि उपलब्ध असल्यास शेणकाला शिंपडावा. राख चिमटीनेच घालावी, कारण ती जास्त झाली तर नत्र अमोनिया होऊन उडतो. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. नाकाला झोंबणारा वास आला तर वाळका पाला कमी पडला आहे, आणि कुजका वास आला तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. खड्डा मात्र उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातच करावा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून राहते, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर, थोड्या उंचवट्याच्या जागी रचावा.